पाला कुठं पाडू?

यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. माझ्या आईसोबत घडलं, तसंच सांगतो. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही बघा. मी स्वतः ठेवावा की नाही, हे अजून माझंच ठरलेलं नाही.

साल १९६४. पौष महिना. बालाघाट जिल्ह्यात लांजीच्या अलीकडे, जंगलाला लागून एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे अजून आमचे लोक राहतात.

माझ्या आईचं नाव अंजना. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती. मुलगी झाली होती, पाच दिवसांची. ती माझी मोठी बहीण, साधना.

त्या वर्षी थंडीनं ताळतंत्रच सोडलं होतं.

गावात दुसरा विषय नव्हता. सकाळी शेकोटीभोवती जो तो आपापली थंडी सांगायचा. कुणाची बोटं वाकत नव्हती, कुणाचा गुडघा सरळ होत नव्हता. आंघोळ तर बऱ्याच जणांनी संक्रांतीवर ढकलली होती. पोत्याची खोळ करून डोक्यावर घ्यायची, तणसाच्या अंथरुणात शिरायचं आणि निखाऱ्यांची गोरसी पायाशी ओढायची, एवढाच उद्योग उरला होता.

सगळ्यांत मोठा आवाज अंजनाच्या आईचा, शेवंताबाईचा. तिला थंडीचाही राग यायचा आणि थंडी वाजत नाही म्हणणाऱ्यांचाही. दुसरा राग खास तिच्या नवऱ्यासाठी होता. पुनाराम रोज पहाटे विहिरीवर थंडगार पाण्यानं आंघोळ करायचे आणि वर सांगत फिरायचे की थंडी मनात असते. छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. घरातून देव काढले तेव्हाच भुतंही काढली, असं ते अभिमानानं म्हणायचे.

शेजारी मैनाबाई आणि तिचा म्हातारा मोतीलाल. दोन्ही घरांमध्ये फक्त एक कुडाची भिंत. मोतीलालला दमा होता. त्याचा खोकला दिवसभर कौलांवरून या घरात ऐकू यायचा. अंजनाला आता त्याची इतकी सवय झाली होती की खोकला थांबला की तिची झोप चाळवायची.

दोन्ही घरी बकऱ्या होत्या. जंगलाकडून एक माणूस रोज संध्याकाळी पाल्याचा भारा आणायचा. भारा एक आणि बकऱ्या दोन घरच्या, त्यामुळे शेवंताबाई आणि मैनाबाईची रोज जुंपायची. थंडीमुळे तो माणूस चार दिवस फिरकला नव्हता. बकऱ्या ओरडून ओरडून थकल्या होत्या.

पाचव्या दिवशी, दिवेलागणीला, मागच्या कुंपणाजवळ कुणीतरी उभं राहिलं.

अंजना बाळंतिणीच्या खोलीत होती. मागच्या भिंतीला हातभर उंचीवर झरोका होता. त्यातून तिला फक्त पोत्याची खोळ दिसली... आणि खोळीच्या आत चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार.

"बाई, पाला गिरेगा," तो हिंदीत म्हणाला. "कहाँ गिरे?"

आवाज थकलेल्या माणसाचा होता. जंगलाकडची माणसं हिंदीच बोलायची, त्यामुळे शेवंताबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तिला हुरूप आला. आज मैनाबाईच्या आधी तिनं गाठलं होतं.

"इथंच पाड," ती म्हणाली. "सारा आमच्याच आंगनात पाड. तिकडं मैनाबाईच्या घरी एक पान नोको देऊ."

"पक्का?"

"हौ, पक्का. इचारतो काय?"

अंजना भारा पडल्याचा आवाज ऐकायला थांबली.

आवाज आलाच नाही.

थोड्या वेळानं शेवंताबाई चिडून आत आली. मेल्यानं विचारून विचारून डोकं खाल्लं आणि एक फांदीही टाकली नाही, असं म्हणाली. कुंपणाजवळ कुणी नव्हतं. ओल्या मातीत पाऊलही नव्हतं.

सकाळी पुनाराम आंघोळीला म्हणून बाहेर पडले आणि दारातच उभे राहिले.

अंगण पांढरं झालं होतं.

गवत पांढरं, कुंपण पांढरं, शेणाची गोवरी पांढरी. पायाखाली कुरकुर वाजत होतं. वालाचा वेल रात्रीतून काळा पडून लोंबत होता.

गाव बघायला लोटलं. बालाघाटच्या या सखल भागात असलं कुणी पाहिलं नव्हतं. कुणी म्हणालं बरफ आहे, कुणी बोट लावून चाटून पाहिलं. पण थोड्याच वेळात लोकांची कुजबुज सुरू झाली, कारण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती.

हे फक्त यांच्याच अंगणात होतं.

मैनाबाईचं अंगण हिरवं होतं. पलीकडचं वावर हिरवं होतं. कुंपणाच्या काठीची अलीकडची बाजू पांढरी आणि पलीकडची कोरडी. शेवंताबाईनंच मीठ शिंपडलं असेल, असंही दोघं-तिघं बोलले. ती त्यांच्या अंगावर धावून गेली, ते वेगळं.

तेवढ्यात रस्त्यानं जंगलखात्याचा गार्ड चालला होता. तो डोकावला आणि म्हणाला, "अरे, तगड़ा पाला गिरा है."

शेवंताबाई त्याच्यावरही उखडली. पाला कुठं दिसतो म्हणाली. एक पान पडलेलं नाही.

पुनाराम हसायला लागले. "अवो, हिंदीत यालेच पाला म्हनतेत. हे जे पांढरं पडते ना, ते."

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं मध्य प्रदेशात राहून तिला हा शब्द कसा माहीत नाही? पण ती भंडाऱ्याकडची. बाजारापुरती हिंदी बोलायची. आणि जी गोष्ट गावात कधी पडलीच नाही, तिचं नाव कुणाच्या तोंडी येणार? तिच्यासाठी पाला म्हणजे झाडाचा पाला. बकरीचा.

सगळे हसले.

शेवंताबाई हसली नाही. ती मागच्या कुंपणाकडे वळली, तेव्हा अंजनाला झरोक्यातून तिचा चेहरा दिसला. ती आदल्या संध्याकाळचं एकेक वाक्य मनात परत लावून बघत होती.

त्या सकाळी घरातली चूल आणि गोरसी दोन्ही विझलेली निघाली. मैनाबाई न सांगता तव्यात विस्तव घेऊन आली. बाळंतिणीच्या घरी आग नसली तर कसं, म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या सकाळी पांढरं अंगण सोडून ओसरीवर चढलं होतं. रांजणातल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा होता. गोरसी पुन्हा विझली होती. रात्रभर निखारे धगधगत होते, अंजनानं डोळ्यांनी पाहिले होते. विझताना राखेचा साधा आवाजही झाला नव्हता.

मैनाबाईनं पुन्हा विस्तव आणला.

पुनाराम म्हणाले, थंडी वाढली आहे, दुसरं काही नाही. शेवंताबाईनं गुपचूप अंजनाच्या उशाखाली विळा ठेवला. पुनारामांनी तो पाहिला... आणि पाहिलं नाही असं केलं. अंजनाला खरी भीती तेव्हा वाटली.

तिसऱ्या सकाळी पांढरी रेघ बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आली होती. खाटेपासून दोन हात.

आणि साधना रडत नव्हती.

भूक लागली तरी रडेना. छातीशी धरलं तर ओढेना. तळपाय जांभळे पडले होते. अंजनानं तिला लुगड्याच्या आत उघड्या अंगाला चिकटवून ठेवलं, वरून दोन गोधड्या घेतल्या, तरी पोर गरम होईना. मैनाबाईनं तिसऱ्यांदा विस्तव आणला, पाय चोळले, जाताना डोळे पुसत गेली.

पुनारामांनी खांद्यावर घोंगडी टाकली. लांजीच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी हवी होती. गावातली गाडी धान घेऊन गेली होती, म्हणून ते पलीकडच्या गावाला निघाले. यायला दिवेलागण होणार होती.

दिवेलागण झाली. गाडी आली नव्हती.

शेवंताबाई दुपारपासून मागच्या कुंपणाशी जाऊन उभी होती. तिनं लेकीला एवढंच सांगितलं होतं की, मी दिलेला शब्द मीच परत घेईन.

अंजना डोक्यावरून गोधडी घेऊन पडली होती. पोरगी छातीशी. पलीकडून मोतीलाल खोकत होता. कुठंतरी कुत्रं भुंकत होतं.

मग कुत्रं थांबलं.

बकऱ्या थांबल्या.

"बाई, पाला गिरेगा..."

तोच थकलेला आवाज.

"कहाँ गिरे?"

शेवंताबाई बोलायला लागली. अंजनानं आईला कधी इतकं नरम बोलताना ऐकलं नव्हतं. चूक झाली बाबा, मले हिंदी समजत नाई, मी बकरीचा पाला म्हनलं. नोको पाडू आता. आमच्या घरी लहान लेकरू हाय.

"कहाँ गिरे?"

नोको पाडू म्हनलं ना. कुठंच नोको पाडू.

"गिरेगा तो सही, बाई. कहाँ गिरे?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. डोक्यावर ओझं घेऊन उभा असलेला माणूस, ते उतरवायची जागा मागत होता. अंजनाला वाटलं, नदीचं नाव घे आई. जंगलाचं घे. पण ते शब्द तिच्या घशातून बाहेर येईनात, आणि शेवंताबाईही गप्प झाली होती.

अंजनानं गोधडी आणखी घट्ट ओढून घेतली.

छातीशी पोर गार. श्वास चालू आहे की नाही, तेही कळत नव्हतं.

"कहाँ...?"

आणि मग बाईमाणसाचा आवाज आला. अगदी हळू. आपल्याच बोलीत.

"बाजूच्या घरी."

"पक्का?"

"हौ."

दुसऱ्याच क्षणाला साधनानं टाहो फोडला. दिवसभराचं कोंडलेलं रडं एकदम काढलं. अंजनानं तिला छातीला लावलं आणि पोर अधाशासारखी ओढायला लागली. पाय हळूहळू लाल होत गेले. पुनाराम गाडी घेऊन आले, तेव्हा लेकरू दूध पिऊन झोपलं होतं.

अंजना आनंदानं रडली. मी खोटं कशाला सांगू, तिला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही, असं ती स्वतः म्हणते.

पहाटे तिची झोप चाळवली.

खोकला येत नव्हता.

ती कान देऊन पडून राहिली. आत्ता येईल, आत्ता येईल, म्हणत राहिली. उजाडलं, तेव्हा पलीकडून खोकल्याच्या जागी मैनाबाईचं रडणं आलं.

यांच्या अंगणात काळी माती दिसत होती. मैनाबाईचं अंगण, कौलं, ओसरी पांढरी. मोतीलालच्या अंगावरच्या गोधडीचे काठ ताठ झाले होते. ज्या घरातून तीन दिवस विस्तव आला, त्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. शेवंताबाईनं भाकरी केल्या आणि मैनाबाईसमोर नेऊन ठेवल्या. तिच्याकडे मान वर करून बघितलं मात्र नाही.

पुनाराम म्हणाले, म्हातारा माणूस, त्यात दमा, त्यात ही थंडी. सगळ्यांना पटलं. अंत्यविधी उरकून ते घरी आले आणि चिखल कालवला. बाळंतिणीच्या खोलीचा झरोका त्यांनी स्वतःच्या हातानं लिंपून बंद केला.

अंजनानं आईला काही विचारलं नाही. पण मनात अढी बसली ती बसलीच. आईनं नदी का नाही सांगितली? मैनाबाईनं तीन दिवस विस्तव दिला, आणि आईनं तिचंच घर दाखवलं? दर वर्षी ती माहेरी जायची. आईच्या हातचं खायची, आणि खाताना तिच्या तोंडाकडे बघत राहायची. शेवंताबाईही लेकीकडे तशीच बघायची. दोघी त्या दिवसाचं नाव काढत नसत.

चौदा वर्षं अशी गेली.

अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात शेवंताबाई अंथरुणाला खिळली. आता नाही विचारलं तर राहूनच जाईल, म्हणून एका दुपारी अंजनानं विचारलं.

"आई, तू त्याले मैनाबाईचं घर काहून दाखवलं?"

शेवंताबाईनं उशीवरून मान उचलली.

"मी? माही तं जीभ टाळूले चिकटली होती व. मले नदीचं नावही घेता नाई आलं." मग तिनं लेकीचा हात धरला. "आवाज आतून आला. तूच बोलली ना?"

अंजना तिच्या उशाशी खाली बसली.

"मले वाटलं, लेकरासाठी बोलली. म्हनून मी तुले कधी इचारलं नाई."

तीन दिवसांनी शेवंताबाई गेली. चौदा वर्षं ती लेकीचं पाप झाकत होती, आणि लेक तिचं.

हे सगळं मला आईनं सांगितलं. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं की, ग्लानीत असशील, नकळत बोलली असशील. ती शपथ घेऊन सांगते की तिचे ओठ उघडले नाहीत. तो आवाज तिनं कानांनी ऐकला, अगदी जवळून, पण बोलणारी आईच असणार असं धरून, तो इतक्या जवळून कसा आला, हे तिनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

आजी बोलली नाही. आई बोलली नाही.

गोधडीच्या आत आईसोबत एकच जण होतं... आठ दिवसांचं.

साधनाताई आता वारासिवनीला असते. सून, नातवंडं, भरलं घर आहे. स्वभावानं इतकी चांगली की कुणाला दुखवून बोलणार नाही. मी दर हिवाळ्यात तिच्याकडे जातो. या वेळी विचारायचंच, असं ठरवून जातो, आणि तिच्या हातचा चहा पिऊन तसाच परत येतो.