कापलेला दोर

बसा रे नीट. कंदील मोठा करू नका, रॉकेल काय फुकट येतं? भुताची गोष्ट हवी म्हणालात ना, मग ऐका. आपला बाळा, जो हल्ली दर्याकडे पाठ करून बसतो, त्यानेच मला सांगितलेली. तुम्ही पोरं त्याला भित्रा म्हणून चिडवता. आज ऐकून घ्या, उद्यापासून चिडवाल असं वाटत नाही.

सन अठ्ठावन्न. वैशाखातली अमावास्या. मंगळूरहून कौलं भरून गंगाराम तांडेलाचं गलबत मालवणला येत होतं. पावसाआधीची शेवटची खेप. गलबतावर तांडेलाचा शब्द शेवटचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. सुकाणू बाळाकडे. आईबाप नसलेल्या बाळाला गंगारामनेच लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे तांडेलाने सांगावं आणि बाळाने मान डोलवावी. खलाशांत एक धोंडू, जरा तोंडाळ. आणि हरिश्चंद्र. हा डावखुरा. त्याने मारलेली गाठ उलटी पडायची, दुसऱ्याला सुटता सुटायची नाही. खलाशी वैतागायचे आणि तो हसत बसायचा.

दिवेलागणीला वारा फिरला. दर्या खवळला. गलबतामागे दोराने छोटी होडी बांधलेली असते, ती पाण्याने भरू लागली. भरलेली होडी गलबताला मागून खाली ओढते. म्हणून तांडेलाने हरिश्चंद्राला पाणी उपसायला तिच्यात उतरवलं. असल्या लाटांत माणूस उतरवायचा नसतो, असं धोंडू पुटपुटला. पण मोठ्याने बोलला नाही.

मग एक लाट आली आणि होडी काठोकाठ भरली. गलबताची मागची बाजू पाण्यात बसायला लागली. होडीतून हरिश्चंद्र ओरडला, "तांडेलानू, वायच थांबा. माका ओढून घेवा."

तांडेलाने कोयता घेतला आणि दोर कापला.

"गलबत फिरय रे बाळा," धोंडू म्हणाला. "हरिश्चंद्र थंयच आसा."

"फिरवलंस तर वारो आडवो लागतलो," तांडेल म्हणाला. "सगळे बुडतले. सरळ धर."

निम्मे खलाशी धोंडूच्या बाजूला, निम्मे तांडेलाच्या. सगळे बाळाकडे बघत होते. बाळाने सुकाणू सरळ धरलं. मागून हाका येत होत्या, त्या हळूहळू थांबल्या. तांडेलाचं बरोबर होतं की चूक, मी काय सांगू? बाळालाही अजून कळलेलं नाही.

मध्यरात्र उलटली. वारा गलबताला किनाऱ्याकडे रेटत होता. मालवणच्या बाहेर खडक आहेत, त्यांवर लाटा फुटल्याचा आवाज यायला लागला. शीड उतरवलं, तरी वेग कमी होईना. नांगर टाकला, तो धरेना. धोंडू बायकोमुलांची नावं घेत रडत होता. आता वाचत नाही, हे सगळ्यांना कळलं होतं.

तेवढ्यात गलबताला मागून हिसका बसला.

बाळाने वळून बघितलं. कापलेल्या दोराचा जो तुकडा मागे लोंबत होता... तो ताणलेला होता. सरळ. काळोखात गेलेला. गलबताचा वेग कमी झाला.



मागून... पाण्यातून... कुणाला तरी धाप लागली होती.

तांडेलाने पुन्हा कोयता उचलला. त्याचे दात वाजत होते. "तो माणूस नाय. आमका खाली ओढूक इलो. कापतंय."

"नको, तांडेलानू."

"बाजूक हो, बाळा. माजो हुकूम आसा."

बाळाने सुकाणू सोडलं. दोरावर आडवा पडला. "आदी माका कापा."

कोयता वर गेला. तिथेच राहिला.

धोंडूने मागून तांडेलाचे हात धरले. मग दुसरे आले. मघाशी तांडेलाच्या बाजूचे होते, तेसुद्धा. कोयता पाण्यात गेला.

दोर बाळाच्या छातीखाली थरथरत होता. चढावर ओझं ओढणाऱ्याचा हात थरथरतो, तसा.

खडकांचा आवाज... जवळ. तेवढाच जवळ. पुढे येईना.

धाप... चालूच.

...

उजाडलं तेव्हा वारा पडला होता. गलबत खडकांपासून हाकेच्या अंतरावर उभं. एक कौल फुटलं नव्हतं. दोर सैल पडला होता. तांडेल तोंड झाकून बसलेला. तो पुन्हा कधी गलबतावर चढला नाही.

धक्क्यावर हरिश्चंद्राची बायको आली, शेवंती. मीही तिथे होतो. तिला सांगायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. शेवटी बाळाने पाण्यातला दोर ओढून काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

कोयत्याने कापलेला दोर तो. टोक तुटकं हवं ना?

टोकाला फास होता. मोठा, माणसाच्या छातीभोवती बसेल एवढा. गाठ उलटी.

शेवंतीने फास उचलला. दोन्ही हातांनी कवेत घेतला. नवऱ्याच्या बंड्या तीच शिवायची.

"माप हेंचाच आसा," ती म्हणाली.

आत कुणी नव्हतं.