न नासणारं दूध

दूध नासत नाही, अशी तक्रार अन्न निरीक्षक पुंजाजी इंगोले यांच्याकडे नोकरीत पहिल्यांदाच आली.

सन १९७४. मार्चचं कडक ऊन. अनसिंगच्या वसतिगृहातली काही पोरं उलट्या करत वाशिमच्या दवाखान्यात पडली होती. स्वयंपाकीण केशरबाईनं पातेलं पुढं सरकवलं.

"परवाचं हाये साहेब. विरजण टाकलं तरी दही लागून नाही राह्यलं. तापवताना डोये चुरचुरते."

इंगोलेंनी दूध फडक्यातून गाळलं. फडक्यावर चहाची ओली पत्ती उरली.

"पोरायले चहा देता?"

"नाही जी. इथं चहाची पुडीच येत नाही."

त्यांनी वास घेतला. दुधाच्या वासाआड काहीतरी उग्र, मेलेलं होतं.

वसतिगृहाचे अधीक्षक रामराव शेजारच्या शाळेत विज्ञानही शिकवत. त्यांनी लगेच नाव घेतलं. "हरिसिंग. तांड्यावरून सायकलीनं दूध आणते. त्यालेच धरा."

"आलेलं दूध ठेवता कुठं?"

"माझ्या खोलीत, कुलपात. इकडं मांजरी लय हायेत."

परीक्षानळ्या मागायला इंगोले शाळेच्या प्रयोगशाळेत गेले. रामरावांनी किल्लीनं कपाट उघडलं. आत बरण्यांत बेडूक, विंचू, नाग. सगळी झाकणं मेणानं बंद. फक्त नागाच्या झाकणाचं मेण फुटलेलं. नाग अर्धा कोरडा पडला होता, पाठीची कातडी तडकलेली.

"उन्हानं उडून जाते औषध," रामराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंगोलेंनी हरिसिंगला फाटकातच थांबवलं. त्याच्या कॅनमधून एक नळी भरली. नंतर रामरावांच्या खोलीतून त्या दिवसाचं दूध स्वयंपाकघरात आलं, तेव्हा दुसरी. दोन्हींत मेथिलीन ब्लूचा निळा रंग सोडून नळ्या कोमट पाण्यात उभ्या केल्या.

हरिसिंग भिंतीशी उकिडवा बसला.

"दुधात पाणी घालता?"

"घालतो थोडं. खोटं कायले बोलू? पण दुसरं काही नाही घालत. माही पोरगी हेच पेते."

दुपारी त्याची नळी पांढरी झाली. दुसरी निळीशार होती.

"झालं ना सिद्ध?" रामराव म्हणाले. "त्याचं दूध बिघडलं."

"उलटं आहे," इंगोले म्हणाले. "दुधात जंतू असतात. ते वाढले की हा रंग उडतो. या उन्हात कुठल्याही दुधाचा उडायलाच पाहिजे. तुमच्या खोलीतून आलेल्या दुधात जिवंत असं काही उरलेलंच नाही. म्हणून त्याचं दहीही लागत नाही."

रामरावांचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला.

"पत्ती हॉटेलातली. हरिसिंगचं ताजं दूध तुम्ही स्टँडवरच्या हॉटेलात विकता, अन् तिथलं उरलेलं शिळं दूध पोरांसाठी आणता. हॉटेलवाला नानाजी मघाशी पोलीस शिपायासमोर कबूल झाला. शिळं दूध फाटू नये म्हणून त्यात फॉर्मॅलिन, मेलेले प्राणी टिकवायचं औषध. नवी बाटली मागवली असती तर शाळेत कोणी विचारलं असतं. म्हणून नागाच्या बरणीतलं उपसलंत. उन्हानं झाकणाचं मेण गेलं असतं तर बेडकाचंही गेलं असतं; नागाचं तेवढं फोडलेलं आहे. अन् कपाटाची किल्ली तुमच्याच कमरेला."

रामरावांनी नजर चुकवली नाही. "चमचाभर टाकत होतो. गरिबाची पोरं हायेत. घरी त्यायले दूध पाह्यलेही भेटत नाही."

इंगोले स्वतः अशाच वसतिगृहात शिकले होते. त्यांना त्या माणसाकडे बघवेना. खुर्ची मागं सारून ते दारात गेले आणि उंबऱ्याबाहेर थुंकले. मग शिपायाला हाक मारली.

केशरबाई मोरीवर ओकत होती. "माह्या हातानं वाढलं जी मी," एवढंच ती बोलली.

संध्याकाळी तिनं हरिसिंगचं दूध अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तापवलं. पेले भरले. पोरं रांगेत बसली होती. पेले हातात घेऊन ती एकमेकांकडे बघत राहिली. दुधावर साय धरली, तरी एकानंही पेला ओठाला लावला नाही.