मनोऱ्याजवळची गंजी

सकाळी साडेसहाला तिने गोठ्याचं दार उघडलं, तिन्ही गाईंचं दूध काढलं, किटल्या डेअरीच्या गाडीवर चढवल्या, बाबांच्या गुडघ्यांना तेल चोळलं आणि चहाही न घेता ती माळावरच्या शेताकडे निघाली. आज तिचं मन तिला खात होतं.

शेतात वारा मोजण्याचा उंच मनोरा उभा होता. वर्षभराच्या मोजणीत वारा पुरेसा ठरला, तर तिथे पवनचक्की येणार होती आणि तिच्या भाड्यावर थकलेल्या बाबांची त्या माळावरच्या राबण्यातून सुटका होणार होती. महिन्यातून एकदा यायचं ठरलेला कंपनीचा इंजिनीअर गेले दोन महिने दर सोमवारी येत होता. मनोऱ्यावरच्या यंत्रांपैकी सर्वांत खालच्या यंत्राची नोंद चुकते म्हणे. तो यंत्र उतरवी, पुसे, पुन्हा चढवी... आणि मग बांधावर बसून तिच्याशी तासभर बोले. ती त्याला वारेमास्तर म्हणे.

काल संध्याकाळी ती कडब्याच्या गंजीला टेकून बसली आणि तिच्या लक्षात आलं, इथे अंगाला वारा लागतच नाही. ही गंजी दोन महिन्यांपूर्वी तिनेच मनोऱ्याला खेटून रचली होती.

आज सोमवार होता; तो आला तेव्हा निम्मी गंजी हलवून झाली होती. केसांत भुसा, श्वास फुललेला — तिने एका दमात सांगून टाकलं, की वारा गंजीने अडतोय आणि चूक तिची आहे. त्यापायी बाबांचं शेत नापास करू नका.

त्याने एक पेंढी उचलली आणि तो तिच्यामागून चालू लागला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या सोमवारपासून."

ती थांबली. "आणि तुम्ही दोन महिने यंत्र पुसत बसलात?"

"गंजी हलवा म्हटलं असतं, तर काम एका वाक्यात आटोपलं असतं. मग यायचं कोणत्या निमित्ताने?"

"इथे माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही..."

तेव्हा तो गंभीर झाला. खालच्या यंत्राची नोंद त्याने पहिल्याच आठवड्यात, कारण कळवून, अहवालातून वगळली होती. निकाल वरच्या यंत्रांवर लागायचा होता. तो परवा लागला. शेत पसंत झालं होतं. पत्र त्याच्या खिशातच होतं.

ती पेंढीवर मटकन बसली. आधी हसली, मग पदराने डोळे पुसले.

"चक्की उभी राहायला वर्ष लागेल," तो हळूच म्हणाला. "मी इथली नेमणूक मागू शकतो. पण त्याचं कारण चक्की नाही... हे आधी तुम्हाला सांगायला हवं."

"मग काय आहे?"

"तेही एकाच वाक्यात आटोपायला लावू नका."

वाऱ्याने तिचा पदर त्याच्या मनगटावर नेऊन ठेवला. तिने तो ओढून घ्यायची घाई केली नाही. मग ती उठली आणि घराकडे निघाली, तो मागे येतोय ना हे एकदाच वळून पाहत.

बाबा ओट्यावर पंपाचा वॉशर बदलत होते. तिने त्यांच्यासमोर त्याच्यासाठी खुर्ची मांडली.

"बाबा, शेत पसंत झालंय. पत्र हे वाचून दाखवतील," ती म्हणाली. "त्यानंतर यांना आणखी थोडं बोलायचंय. मला ते मान्य आहे."

आणि ती गाईंना पाणी दाखवायला निघून गेली.