गर्भशेष

हाड मरायला लागलं की ते आधी दुखत नाही, हे आता चंद्रपूरकडच्या खेड्यांतल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक झालं होतं. सिकलसेल असलेल्या प्रत्येकाच्या खुब्याची दरवर्षी तपासणी होई, आणि पाय ठणकायच्या कितीतरी आधी यंत्र सांगून टाकी, की आत मरण सुरू झालंय. वनिता कुमरेला ते कळलं तेव्हा ती विजेच्या खांबावरून उतरून थेट तपासणीला आली होती. तारा जोडण्याचं काम ती करायची. साधी कळही तिला कधी आली नव्हती.

नागपूरच्या इस्पितळात डॉक्टर निखत काझींनी तिला आणि तिच्या आईला सगळं नीट समजावून दिलं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं, ते खुब्याच्या वाटीत फिरतं. त्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या दोऱ्यासारख्या बारीक. सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, त्या वाहिन्यांत अडकून बसतात, आणि पलीकडचं हाड उपाशी मरतं. मेलेलं हाड काही काळ भार सोसतं, मग आत खचतं. चेंडू गोल आहे तोवर सांधा वाचवता येतो. हाडात बोगदा पाडायचा, मेलेलं खरवडून काढायचं आणि तिथे जिवंत पेशी पेरायच्या. एकदा खचला, की धातूचा सांधा बसवायचा. मग खांबावर चढणं कायमचं बंद.

पेरायच्या पेशी मात्र कोवळ्या हव्या होत्या. वनिताच्या आजारानं थकलेल्या, आईच्या वयानं. म्हणून डॉक्टरांनी आईच्या मज्जेत वेगळाच शोध घेतला होता. मूल पोटात असताना त्याच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात, आणि मूल जन्मल्यावरही वर्षानुवर्षं तिच्या हाडांत राहतात. त्यांना डॉक्टर ‘गर्भशेष’ म्हणत. जागं करून पेरल्या, तर त्या नवं हाड घडवतात. आईच्या मज्जेत रोशनच्या पेशी सापडल्या होत्या आणि त्या वनिताला जुळत होत्या.

रोशन म्हणजे वनिताचा धाकटा भाऊ. लहानपणीच तो गावच्या बोडीतल्या पाण्यात बुडाला होता.

आई म्हणाली, “म्हंजे इतकी वर्सं तो माह्यातच होता?”

“त्याच्या पेशी होत्या, बाई.”

“तुमी काढल्यावर थोडासा तरी राह्यल?”

डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. पेशी इतक्या थोड्या होत्या की सगळ्याच काढाव्या लागणार होत्या.

वनितानं आईला नको म्हटलं. ते मनापासूनही होतं आणि नव्हतंही. आईनं तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू चालली पायजे. घे त्याले.”

शस्त्रक्रिया चांगली झाली. हिवाळ्यात वनिता पुन्हा खांबावर चढली.

संध्याकाळी ती आडवी झाली की आई तिच्या खुब्यावर तळवा ठेवून बसे. काळजी म्हणून बसते, असं वनिताला वाटलं. मग एकदा तिनं कान देऊन ऐकलं. आई हळू आवाजात शेळी व्याल्याचं सांगत होती, यंदा मोहफुलं किती पडली ते सांगत होती, आणि ते वनिताला नव्हतं. त्या कुशीवर झोपू नको, तो दबते, असं ती म्हणायची. त्याला घेऊन इतक्या उंच चढू नको, असंही. ताटात भात जास्त पडू लागला आणि तो कुणासाठी हे वनिताला कळत होतं. तिनं तेही चालवून घेतलं. पण एकदा ती तापानं फणफणली, तेव्हाही आईनं आधी विचारलं ते खुब्याचं.

तिसऱ्या वर्षीच्या तपासणीत यंत्रानं पुन्हा मेलेल्या हाडाची काळी कड दाखवली. डॉक्टर काझींनी खाली बघत सांगितलं, की हाड नवं असलं तरी त्याला मिळणारं रक्त वनिताचंच होतं. चेंडू एका बाजूनं खचायलाही लागला होता. आता पेरायला काहीच उरलं नव्हतं. तो कापून काढून धातू बसवावा लागणार होता.

आईपासून ते लपवता आलं असतं. पण रोजचा तो तळवा आता वनिताला सोसवेना. घरी पोचल्यावर तिनं अंगणातच सांगून टाकलं.

“कायनं मरून राह्यला तो?” आईनं विचारलं.

“माह्या रक्तानं, माय.”

आई उठून चुलीकडे गेली. त्या संध्याकाळी आणि त्यानंतरही तिनं वेळेवर वाढलं, पाणी तापवून दिलं, पण वनिताच्या अंगाला हात लावला नाही. वनितानंच एकदा तिचा हात धरून खुब्यावर ठेवायला पाहिलं. आईनं तो सोडवून घेतला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आई नागपूरला आली. तिनं डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली, काढलेलं हाड मिळेल का. नियमात बसत नव्हतं, तरी डॉक्टर काझींनी ते धुऊन, पांढऱ्या कापडात बांधून तिच्या ओंजळीत दिलं.

वनिता शुद्धीवर आली तेव्हा खिडकीत उतरतं ऊन होतं. तिनं माय कुठे आहे म्हणून विचारलं. नर्सनं तिच्या ओठांना पाणी लावलं आणि सांगितलं, की त्या दुपारच्या एसटीनंच गावी गेल्या. पोराला माती द्यायची आहे, म्हणाल्या.

“मी कशी आहे, ते विचारलं?”

नर्स सलाईनची नळी नीट करू लागली.