तिसरी फेरी

कोल फोर्क गावात जेवायला जागा एकच, आणि त्या संध्याकाळी तिथे टेबलही एकच रिकामं होतं. मारिट हॉगनने खुर्ची ओढली, आणि समोरची खुर्चीही त्याच वेळी एका अनोळखी माणसाने ओढली.

"तुम्ही आधी आलात," तो म्हणाला... आणि बसला.

"मग बसलात कसे?"

"पाय दुखतायत. आधी कोण आलं हे त्यांना कुठे कळतं."

मारिटला हसायचं नव्हतं. दिवसभर प्रवास झाला होता, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातली वळणं घेऊन डोकं गरगरत होतं. तरी ती हसली. त्याने खिशातून तिखट सॉसची छोटी बाटली काढली आणि सूपवर शिंपडली.

"स्वतःची बाटली घेऊन फिरता?"

"लुइझियानाचा आहे. रेमी ब्रुसार. आमच्याकडे लोक एक वेळ घराची किल्ली विसरतील, ही नाही."

"आणि इकडे कसे?"

"खिडक्या विकतो." उत्तर जरा जास्तच झटकन आलं. "तुम्ही?"

"मावशीकडे आलेय."

"काय नाव मावशींचं?"

मारिटला खोटं बोलायची सवय नव्हती. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "...मावशीच म्हणतो आम्ही."

रेमीला सूपचा ठसका लागला. त्याचे डोळे हसून ओले झाले, आणि ते तसेच तिच्यावर राहिले – अंमळ जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर ती पोचली तेव्हा कुंपणाला टेकून, गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ अडकवून तो उभा होता. तिच्या गळ्यातही तसंच घड्याळ होतं.

"मावशी बऱ्या आहेत ना?" त्याने विचारलं.

"बऱ्या आहेत. खिडक्या बसवायच्या म्हणत होत्या."

दोघंही खेळाडू हेरणारे. ती पार उत्तरेकडच्या, बर्फाळ डुलूथच्या अमेरिकन फुटबॉल संघाची, तो दक्षिणेतल्या बॅटन रूजच्या. आणि दोघं आली होती एकाच मुलासाठी – डोरियन पेटवे.

वसंतात मोठा ड्राफ्ट होतो – संघ फेरीमागून फेरी, पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात – आणि त्यात डोरियनचं नावच नव्हतं. पण ज्यांची ती वेळ हुकते, त्यांच्यासाठी जुलैत एक छोटा पुरवणी ड्राफ्ट असतो. प्रत्येक संघ गुपचूप कळवतो, या मुलासाठी आम्ही कितव्या फेरीची पाळी सोडू. सगळ्यात वरची, म्हणजे पहिलीच्या जवळची फेरी जो सांगेल, मुलगा त्याचा. मात्र पुढच्या वर्षीच्या मोठ्या ड्राफ्टमधली तीच पाळी मग हातची जाते. आज एक माणूस घ्यायचा आणि उद्याचा, अजून न पाहिलेला, सोडून द्यायचा. मारिटला एकटीला पाठवलं होतं ते पहिल्यांदाच. आजवर तिने बंद खोलीत दुसऱ्यांनी चित्रित केलेले सामने पाहिले होते. तिचा शब्द कोणी मागितला नव्हता.

डोरियन मैदानात आला. उंच, शांत, जरासा लाजरा. त्याच्या जुन्या कोचने चेंडू उचलला आणि भिरकावला – फारच लांब. कुंपणापाशी कोणीतरी "गेला" असं पुटपुटलंसुद्धा. डोरियन घाई करताना दिसतच नव्हता. पावलं टाकत होता इतकंच, पण मैदान त्याच्या पायांखालून मागे पळत होतं. मग त्याने एक हात वर केला. पाळलेलं पाखरू मनगटावर उतरावं तसा चेंडू त्या हातात येऊन बसला.

मारिट कुंपणाच्या आणखी जवळ सरकली.

थोड्या वेळाने डोंगरामागून ढग आले आणि पाऊस कोसळला. इतर संघांचे हेरणारे गाड्यांकडे धावले. डोरियनने केसांवरचं पाणी झटकलं. "अजून एक टाकता, कोच?" त्याने विचारलं. एकावर एक चेंडू येत राहिले – ओले, निसरडे – आणि तो प्रत्येक चेंडू टिपत राहिला. पावसाच्या पडद्यामागे तो दिसेनासा व्हायचा, पुन्हा दिसायचा तेव्हा चेंडू छातीशी. मारिट पाऊस विसरली. लहानपणी गोठलेल्या सरोवराच्या काठी उभं राहून उत्तरेच्या आकाशात हलणारा हिरवा प्रकाश पाहिला होता, तेव्हा असं झालं होतं. आपण किती लहान आहोत, आणि ते किती बरं वाटतंय...

शेजारी रेमी नखशिखांत भिजला होता. तोही हलला नव्हता.

"वेळ किती लागला त्याला?" त्याने हळूच विचारलं.

तिने गळ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. ते सुरूच केलं नव्हतं. "तुमचं काय म्हणतंय?"

त्याने आपलं घड्याळ तिच्यासमोर धरलं. त्यावर नुसती शून्यं.

"जाणार दोघांची नोकरी," तो म्हणाला. दोघं एकमेकांकडे पाहतच राहिली. त्या डोळ्यांत तिला आपलंच आश्चर्य दिसत होतं – जसंच्या तसं.

पाऊस ओसरल्यावर शेडखाली तिने डोरियनला विचारलं. विचारणं भागच होतं. "परीक्षा सोडून कॉलेजातून निघून आलास. का?"

"खाणीत छत कोसळलं, मॅडम. बाबा खाली होते." त्याने बाकाकडे मान वळवली. तिथे कुबडीवर हनुवटी टेकून एक थोराड माणूस बसला होता, अमोस पेटवे. "ते परत चालायला लागेपर्यंत थांबलो."

"त्यात खेळ जाईल, हे ठाऊक होतं?"

"होतं की."

"आता वाईट वाटतं?"

त्याला प्रश्नच नीट कळला नसावा. "बाबा चालतायत ना आता," तो म्हणाला.

रेमीने मान वळवून दूर डोंगराकडे पाहिलं. पापण्यांवरचं पाणी पावसाचंच होतं असं काही म्हणता आलं नसतं.

तिच्या गाडीपाशी रेमी रेंगाळला. "फोन नंबर मिळेल?"

"ड्राफ्ट होईपर्यंत नाही." मारिटने गाडीचं दार उघडलं. "तुमचा आवाज ऐकला की मी फेरीचाच अंदाज बांधत बसेन. आणि... मला तो आवाज तसा ऐकायचा नाहीये."

"हे 'नाही' फार छान म्हणालात," तो म्हणाला, आणि निघून गेला.

डुलूथला तिचा वरिष्ठ ग्रेडी टेबलावर बोटं वाजवत बसला होता. "पाचवी फेरी. अर्धं वर्ष खेळलेला नाही तो."

"तिसरी," मारिट म्हणाली.

"पुढच्या वर्षी तिसऱ्या फेरीत कोण मिळेल, ठाऊक आहे तुला?"

"नाही. तुम्हालाही नाही. त्याला मात्र मी पाहिलंय."

"पळाला किती वेगाने?"

"घड्याळ लावायचं राहून गेलं."

ग्रेडीची बोटं थांबली. "तुझं?"

"माझं. इतका चांगला होता तो, ग्रेडी. आणि ज्याला काय सोडायचं आणि काय नाही हे इतकं स्वच्छ कळतं, त्याच्यासाठी मी उद्याची पाळी सोडीन."

ग्रेडीने फोन पुढे ओढला. "चुकलीस तर लोक नाव तुझंच घेतील," तो म्हणाला, आणि तिसरी फेरी कळवली.

मुलगा त्यांना मिळाला. ऑफिसात टाळ्या वाजल्या. मारिटला आनंद झाला आणि पाठोपाठ रेमी आठवला. कोणीतरी हरलं होतं. आता कुठल्या तोंडाने त्याला फोन करायचा? आणि नंबर तरी कुठे होता?

डोरियनला न्यायला ती कोल फोर्कला परत आली. पेटव्यांच्या अंगणात गाडी थांबवली, आणि तिचा हात दारावरच राहिला. व्हरांड्याच्या पायरीवर अमोसशेजारी रेमी बसला होता.

"तुम्ही... इथे?"

"नंबर दिला नाहीत." तो उठून उभा राहिला. "मुलगा तुम्हाला मिळाला हे कळलं. मग तुम्ही नक्की कुठे याल, एवढं तरी मला कळणारच."

"परवापासून बसलाय," अमोस म्हणाला. "माझ्या बायकोच्या रश्श्यात त्याने ते तिखट पाणी ओतलं. तरी तिला आवडतो, काय करणार." आणि कुबडी टेकत तो आत गेला. दार मात्र उघडंच ठेवलं त्याने.

"रागावला असाल," मारिट म्हणाली.

"आम्हीही तिसरीच सांगितली होती."

"मग मुलगा आम्हाला कसा मिळाला?"

"बरोबरी झाली की गेल्या वर्षी जो जास्त हरला, त्याला आधी मिळतं. तुम्ही आमच्यापेक्षा फार छान हरला होतात." तो हसला, मग हसू विरलं. "गेल्या वर्षी जिंकल्याचा पश्चात्ताप मला पहिल्यांदाच झाला. पण मग वाटलं... आपण एक शब्द बोललो नाही. दोघांच्या घड्याळांत शून्य. आणि दोघांना एकच दिसलं. असं माणूस मला कधी भेटलं नव्हतं, मारिट."

डोंगरावर ऊन उतरत होतं. ओल्या गवताचा वास येत होता. मारिटला त्या मैदानावरच्यासारखंच झालं – आपण लहान झाल्याचं तेच सुख.

"डुलूथ फार लांब आहे," ती म्हणाली.

"तुमच्या राज्यात उगम पावलेली नदी माझ्या घरामागून जाते. पाणी एवढं येतं लांबून..."

"पाणी खालीच वाहतं." ती एक पायरी चढली. आता दोघांचे चेहरे समोरासमोर होते. "वर कोण येणार? ...तू येशील?"

तो 'तू' रेमी ब्रुसारने नीट ऐकला. मग त्याने तिचा हात हातात घेतला, अगदी जपून.

"येईन," तो म्हणाला. "हिवाळ्यातसुद्धा."