सात दहाचा फोन

यातलं एक अक्षरही मी वाढवलेलं नाही. नोंदवही अजून कपाटात आहे.

जानेवारी १९९८. नोएडातलं एक नवं हॉस्पिटल. मी तिथे लॅबमध्ये होते, पुण्याहून मायक्रोबायोलॉजी शिकून आलेली. बाहेर धुकं, अर्धवट इमारती. मराठी बोलायला कुणीच नाही.

फक्त एक आवाज होता.

रोज सकाळी सात दहाला फोन वाजायचा.

"हेमलता बोलतेय गं, वॉर्डातून. सहा नंबर बेडची बाटली गढूळ झाली का?"

सहा नंबरला कुमुद होती. सातवा महिना, ताप हटत नव्हता. जंतू वाढतात का बघायला तिचं रक्त आम्ही बाटलीत भरून उबदार इन्क्युबेटरमध्ये ठेवलं होतं. गढूळ झालं म्हणजे जंतू आले.

"अजून नाही. चहा झाला का, सिस्टर?"

"इथे कोण देतंय चहा? तूच आण की."

माझं दिवसभरातलं मराठी एवढंच.

तिसऱ्या दिवशी नऊला बाटली गढूळ दिसली. स्लाइडवर जांभळ्या काड्या. कातडीवरचे निरुपद्रवी जंतू असेच दिसतात, सुईबरोबर आत येतात. अशी बाटली टाकायची पद्धत.

मी कचऱ्याची बादली उघडली...

फोन वाजला.

"टाकू नकोस."

मी तर हेमलताला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"इन्क्युबेटरबाहेर ठेव. थंडीत. संध्याकाळी बघ."

संध्याकाळी त्या काड्या मायक्रोस्कोपखाली कोलांट्या मारत होत्या.

लिस्टेरिया. कातडीवरचे जंतू असे हलत नाहीत; हा थंडीत हलतो, आणि पोटातल्या बाळालाही मारतो. कुमुदला चालू असलेलं औषध त्यावर चालतच नाही.

मी धावत वर गेले. डॉक्टरांनी औषध बदललं. चौथ्या दिवशी ताप उतरला. बाळाचे ठोकेही नीट होते.

थर्मासमध्ये चहा घेऊन मी वॉर्डात गेले. "हेमलता सिस्टर कहाँ हैं?"

मेट्रनने मान वर केली.

"इस नाम की कोई सिस्टर नहीं है. एक पेशंट थी, बेड छह पर. पिछली जनवरी. सातवाँ महीना था... दोनों नहीं बचे."

मी खाली येऊन मागच्या वर्षीची नोंदवही उघडली.

हेमलता, वय २६. जांभळ्या काड्या. कातडीवरचे जंतू. बाटली टाकली.

सही माझी. नोकरीचा दुसरा आठवडा.

वेळही मी शिस्तीत लिहिली होती...

सकाळी ७.१०.

फोन अजून वाजतो. आता पलीकडे कुणी बोलत नाही. मी एकेका बाटलीचं काय झालं ते सांगत जाते. ती शेवटपर्यंत ऐकते, मगच फोन बंद होतो.

एकदा तरी रागावली असती, तर बरं झालं असतं.