तोंड नसलेला माणूस

१९८७ साल. कार्तिक. भाऊबीजेनंतरचा दिवस. आसगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, मी विळे घ्यायला गेलो होतो. दोन घेतले, धार पाहिली आणि निघालो. दुपार होती.

मंडईच्या टोकाला काळ्या ताडपत्रीचा तंबू होता. नागपूरहून आलेला सेवकराम आत टीव्हीवर जपानी व्हिडिओ खेळ दाखवत होता. घटकाभर बसावं म्हणून शिरलो. आत अंधार, आणि जनरेटरच्या डिझेलचा वास.

पडद्यावर बोटाएवढा माणूस गावोगाव फिरत होता. लोक त्याच्याशी बोलत. त्यांचं बोलणं खाली अक्षरांत उमटे, आणि सेवकराम ते ओरडून सांगे.

"म्हातारी म्हणते, बाबू, माही गाय राक्षसानं नेली, आणून दे!"

माणूस गप्प.

"तुले जपानी येते काय रे?" मी विचारलं.

"कायची येते, काका! मनानं ठोकून देतो."

"अन् हा काहून बोलत नाही?"

"हा बोलतच नाही. सारे त्याले बोलतेत, तो आयकते. त्याचं उत्तर पाहणाऱ्यानं आपल्या मनात देऊन घ्यायचं."

मी नीट पाहिलं. डोळ्यांचे दोन ठिपके होते. तोंड काढलेलंच नव्हतं.

मला तो माणूस आवडला. गप्प राहणं मलाही येत होतं. धाकट्या भावाशी, जागेश्वरशी, मी सात वर्षं अबोला धरला होता. बोडी, म्हणजे शेताचं लहान तळं, माझ्या वाट्याला आली होती, तिच्या खालची बांधी, धानाचं बांध घातलेलं शेत, त्याच्या. दोन वर्षांपूर्वी पाऊस लवकर गेला. त्याचा धान सुकू लागला, तेव्हा तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. जे म्हणायचं ते म्हणाला. मी खाटेवर बसून ऐकलं. उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी तो सुकलेल्या बांधीच्या कडेला बसला होता, तिथं साप चावून तो गेला.

यंदाही पाऊस गेला होता. त्याची बायको चंद्रकला ती बांधी करत होती. धान दुधात होता, दाणा भरायचा होता. आणखी चार दिवस पाणी मिळालं नसतं, तर नुसता कोंडा राहिला असता. पण ती विचारणार कशी? आमच्याकडे बाई भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोर बोलत नाही. मीही बोडी बंदच ठेवली होती.

पडद्यावर एका झोपडीतून कोणी बाहेर आलं. त्या माणसासमोर उभं राहिलं. आवाज आला. हळू.

"दादा, पाणी सोडतं काय? नाही तर नाही म्हण... काही तरी बोल..."

मी वळून पाहिलं. सेवकरामच्या मिटल्या ओठांत बिडी होती. तो बटण दाबत होता.

"काय म्हणाला तू?"

"मी? मी तर काहीच नाही म्हटलं, काका. खेळ अटकला पाहा. दाबून राहिलो, पुढं जातच नाही."

पोरं ओरडत होती. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. पडद्यावर ते दोघे समोरासमोर उभे. एक थांबलेला. एकाला तोंड नाही.

विळे तिथंच राहिले. तासभर चालून बोडीवर पोचलो. ऊन अजून होतं.

खाली बांधीत चंद्रकला फावडं घेऊन उभी होती. पाणी आत यावं म्हणून तिनं बांध फोडून ठेवला होता. मला पाहून तिनं पदर ओढला, पाठ केली, आणि धानाकडे पाहत बोलली.

"मघा बांधावरून आवाज आला... दादा येऊन राहिला, बांध फोडून ठेव म्हणून. पाहिलं तं कोणी नाही..."

गावात सारे मला काका म्हणतात. दादा म्हणणारा एकच होता.

मी बोडीच्या काठाच्या पाळीवर चढलो. तोंड उघडायला वेळ लागला.

"सोडतो, जागेश्वर," मी मोठ्यानं म्हणालो.

आणि पाणी सोडलं.